चिखलाचा सातबारा: न्हावा शेवा आणि सामायिक जमिनीची मालकी (दीर्घ धागा)

१/
न्हावा शेवा बंदराच्या धक्क्यांखाली आणि कंटेनरच्या आवारांखाली जो चिखल गाडला गेला, तो कोणाच्या मालकीचा होता? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर १८७९ सालीच देऊन ठेवले आहे: सरकारच्या. हे उत्तर कसे तयार झाले, त्याची किंमत कोणी मोजली आणि सामायिक जमिनीवरील हक्क कागदावर आणायचेच असतील तर ते कसे आणावेत, यावरचा हा धागा. लांब आहे. चहा घेऊन बसावे.

२/
आधी स्थळ. घारापुरीच्या डोंगरावरून उरणच्या दिशेने पाहिले की आज क्रेनच्या रांगा दिसतात. त्या किनाऱ्यावर न्हावा आणि शेवा ही खाडीने वेढलेली गावे होती. न्हावा आजही नांदते आहे. शेवा मात्र आपल्या मूळ जागी उरले नाही. या टापूचा राजकीय इतिहास सर्वांना ठाऊक असतो: पोर्तुगीज, मग मराठे, मग १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर घारापुरी आणि करंजा बेटांवर कायम झालेला इंग्रजांचा अंमल. तह, लढाया, किल्ले यांवर आपण भरभरून लिहितो. पण ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलावर कोणाचा अंमल होता, हे क्वचितच विचारले जाते.

३/
डोंगराकडून समुद्राकडे चालत या, म्हणजे या गावांची रचना उलगडते. वर वरकस जमीन: गवत आणि राबासाठीचा पालापाचोळा देणारी. तिला लागून गुरचरण. खाली भातखाचरे. त्यापुढे समुद्राला बांध घालून कमावलेली खारजमीन आणि मिठागरे. बांधापलीकडे तिवरांचे खाजण, त्यापलीकडे चिखल, आणि शेवटी खाडी. यांतली भातखाचरे आणि खारजमीन कोणाच्या तरी नावावर होती. मिठागरांनाही मालक होते. बाकीचे सगळे कोणा एकाचे नव्हते. आगरी, कोळी, कराडी, कातकरी अशा सगळ्यांचा संसार मात्र त्या 'बाकीच्या'वर टेकलेला होता.

४/
चिखल म्हणजे पडीक जागा, असे शहरातल्या माणसाला वाटते. कोळणीला विचारा. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवे हे सगळे त्या चिखलातून हाताने वेचले जाते. त्याला होडी लागत नाही, जाळे लागत नाही, भांडवल लागत नाही. लागते ती भरती-ओहोटीची आणि उधाण-भांगाची अचूक जाण. घरातल्या ज्या बाईच्या नावावर होडी नाही आणि शेतही नाही, तिच्या हाती रोकड आणणारी जागा हीच. खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि कोलंबी वाढते ती या तिवरांच्या आडोशाला.

५/
आणि ही जागा बेवारस नव्हती. डोल जाळी लावण्यासाठी समुद्रात खुंट रोवावे लागतात. कोणाचा खुंट कुठे, हे कोळीवाड्यात सर्वांना माहीत असे आणि ते पिढ्यान्पिढ्या चालत येई. भांडण झाले तर पंच बसत. खारजमिनीच्या बांधाला भगदाड पडले की प्रत्येक घरातून माणूस निघे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात या सामुदायिक व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. नियम होते, दंड होते, वारसा होता. फक्त कागद नव्हता.

६/
इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. कागद नसणे हे ब्रिटिशपूर्व काळात फारसे अडचणीचे नव्हते, कारण त्या काळी पुरावा माणसांच्या तोंडी असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की गोतसभा भरे, शेजारच्या गावांचे वतनदार साक्ष देत, कोणी शपथ घेऊन शीव चालून दाखवी, आणि मग निवाड्याचा महजर लिहिला जाई. कागद होता, पण तो साक्षीच्या मागून येई. एकोणिसाव्या शतकात हा क्रम उलटला: आधी कागद, आणि कागदात असेल तरच साक्षीला किंमत.

७/
हा उलटा क्रम आणला रयतवारी मोजणीने. १८३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी सुरू झाली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले, आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाखाभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. (आज आपण 'दोन गुंठे घेतले' म्हणतो, तेव्हा त्या मोजणीदाराच्या साखळीचीच भाषा बोलत असतो.) पाहणीचा हेतू सरळ होता: कोणत्या तुकड्याचा सारा कोणाकडून घ्यायचा. जिथे सारा नाही तिथे मोजणीदाराला रस नाही. त्यामुळे भातखाचराचा बांधन्‌बांध नकाशावर आला, आणि चिखल कोरा राहिला.

८/
तो कोरा भाग १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने एका फटक्यात भरला. कलम ३७. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, नद्या, नाले, तळी, भरतीच्या रेषेखालील समुद्र, बंदरे व खाड्या यांचे तळ, आणि ज्या ज्या जमिनी व्यक्तींच्या किंवा कायद्याने मालमत्ता धारण करू शकणाऱ्या संस्थांच्या नाहीत त्या सर्व, सरकारच्या मालकीच्या असल्याचे जाहीर केले गेले.

पुन्हा वाचा. मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही. जे कोणाचे असल्याचे सिद्ध होत नाही, ते आपोआप सरकारचे. 'सर्वांचे' हा प्रकारच या वाक्यात बसत नाही: एक तर व्यक्तीचे, नाहीतर संस्थेचे, नाहीतर सरकारचे.

९/
न्यायाने वागायचे तर सांगितलेच पाहिजे की त्याच कलमात एक अपवाद होता. अशा जमिनींची विल्हेवाट जिल्हाधिकाऱ्याने लावावी ती वहिवाटीचे हक्क, तसेच जनतेचे वा व्यक्तींचे 'कायदेशीररीत्या अस्तित्वात असलेले' इतर हक्क अबाधित ठेवून. म्हणजे कोळणीचा हक्क कायद्याने नाकारलेला नव्हता. पण तो 'कायदेशीररीत्या अस्तित्वात' आहे हे ठरवायचे कोणी? सरकारचा दावा आणि त्याविरुद्धचा दावा यांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यानेच करावी, अशी पुढे तरतूद झाली. आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा. निवट्या वेचणाऱ्या बाईने वर्षभरात वकील गाठून इलाख्याच्या सरकारविरुद्ध उभे राहावे, एवढीच अपेक्षा होती.

१०/
हा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम २० उघडून पाहा. तोच सांगाडा, तीच भरतीची रेषा, तोच एक वर्षाचा नियम. इंग्रज गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि राणीच्या सरकारचे खाजण महाराष्ट्र शासनाचे खाजण झाले. गुरचरण, स्मशान, गावठाण यांसाठी जमीन नेमून देण्याची तरतूदही (आताचे कलम २२) जुन्याच कायद्यातून आली. नेमून देणारा शासन, काढून घेणाराही शासन; गावाच्या हाती वापर.

११/
तलाठ्याच्या दप्तरात या विचारसरणीचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. गाव नमुना एक-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही. एक-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची. आणि एक-ई म्हणजे अतिक्रमणांची. सामायिक जमीन पिढ्यान्पिढ्या वापरणारा माणूस या नोंदवह्यांत आपल्या नावानिशी येतो तो बहुधा शेवटच्या वहीत. जुनी वहिवाट दाखवायला त्याच्यापाशी रकाना नाही; गुन्हा दाखवायला सरकारपाशी आहे.

एक सन्माननीय अपवाद: पोटखराबा 'ब'. खासगी शेतातूनही जर लोकांची पायवाट जात असेल, किंवा इतरांच्या वापरातला ओढा वा तळे असेल, तर तेवढे क्षेत्र वेगळे दाखवून त्यावर आकार बसवत नाहीत. म्हणजे 'मालक एक आणि वापर अनेकांचा' ही कल्पना आमच्या महसूल खात्याला अगदी अपरिचित नाही. तिचे क्षेत्र फक्त गुंठ्या-आण्यापुरते ठेवले गेले.

१२/
उरण तालुक्याने या व्यवस्थेची किंमत बंदर येण्याच्या कितीतरी आधी रक्ताने मोजली आहे. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेर. सविनय कायदेभंगाच्या काळातील जंगल सत्याग्रह. गवत, सरपण, लाकूड या गावाच्या नित्य गरजा वनखात्याच्या परवान्यात अडकल्या होत्या. लोक अक्कादेवीच्या माळाकडे कोयते घेऊन निघाले. गोळीबार झाला. आठ ग्रामस्थ हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे मानवंदना दिली जाते, भाषणे होतात, ती स्वातंत्र्यावर होतात. सत्याग्रहाच्या मुळाशी असलेला प्रश्न, जंगल कोणाचे, हा भाषणांतून हळूहळू गळून गेला आहे.

१३/
आता १९७०. त्या वर्षी मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित होऊ लागली. हाच तो शेतकरी, ज्याचे आईबाप कुळे होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे शेते ओसाड ठेवून संप केला होता. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कुळाचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढू लागले. त्यानंतर जेमतेम तेरा वर्षांनी संपादनाची नोटीस आली.

१४/
तरीही ज्याच्या हाती सातबारा होता, त्याला भांडायला जागा होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढा, १६ आणि १७ जानेवारी १९८४ चा जासई-पागोटे परिसरातील गोळीबार, पाच हुतात्मे. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले, आणि त्याचा दाखला पुढे देशभरच्या आंदोलनांनी दिला. या लढ्याविषयी मला नितांत आदर आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही: साडेबारा टक्के कशाचे? संपादित क्षेत्राचे. आणि संपादित क्षेत्र म्हणजे ज्यावर कोणाचे तरी नाव होते ते.

१५/
ज्यावर कोणाचे नाव नव्हते, ते संपादित करावेच लागले नाही. ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शांत घटना. १८९४ चा भूसंपादन कायदा खासगी हितसंबंध घेण्यासाठी होता. सरकारच्याच मालकीचा चिखल सरकारच्या एका खात्याकडून दुसऱ्या यंत्रणेकडे जाणार असेल तर नोटीस कोणाला द्यायची? ना गोळीबार, ना निवाडा, ना वाढीव मोबदल्याचा दावा. भराव पडला, तिवरे गेली, खाडीची तोंडे बुजली. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले.

१६/
शेवा गावाचे दोन भाग झाले. शेतकऱ्यांचे नवीन शेवा, आणि मच्छीमारांचा उरणजवळचा हनुमान कोळीवाडा. हा कोळीवाडा अपुऱ्या जागेत वसवला गेला, घरांना वाळवी लागली, आणि दुसऱ्यांदा पुनर्वसन करा ही तिथल्या लोकांची मागणी दशकानुदशके चालू आहे. पुनर्वसनाच्या हिशेबात घर मोजले गेले. घरासमोरची खाडी मोजली गेली नाही. कोळ्याला शेतकऱ्यासारखे वसवणे म्हणजे शेतकऱ्याला शेताशिवाय वसवणे.

१७/
मग २०१५ उजाडले. २७ फेब्रुवारीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने बंदर विस्ताराच्या प्रकरणात निर्णय दिला: उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा कोळीवाडा येथील १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यावी. भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. भार बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांच्यावर वाटून. अर्जदार होते पारंपरिक मच्छीमार.

हा निर्णय मी ऐतिहासिक मानतो, आणि त्याचे कारण रक्कम नव्हे. ज्या हक्काची एकाही नोंदवहीत ओळ नव्हती, त्याच्या नुकसानीला किंमत आहे हे एका न्यायपीठाने मान्य केले. मात्र वेळ पाहा. बंदर सुरू होऊन पाव शतक उलटून गेल्यावर. चिखल परत आला नाही. त्याच्या मोबदल्याचा आकडा आला.

१८/
आता जरा दूर जाऊ, कारण सामायिक जमिनीची नोंद हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेने हजारो कायदे करून गावांची सामायिक कुरणे कुंपणाआड घातली. जी उरली, ती वाचवण्यासाठी १९६५ मध्ये 'कॉमन्स रजिस्ट्रेशन ॲक्ट' आला: इंग्लंड व वेल्समधील प्रत्येक सामायिक जमीन, तिच्यावरचे चराईचे-सरपणाचे हक्क आणि तिची मालकी नोंदवा. हेतू उत्तम. अट एकच, मुदतीत नोंदवा. १९७० पर्यंत जो हक्क नोंदला गेला नाही, तो बजावता येईनासा झाला. ज्यांना नोटीस कळली नाही, ज्यांना अर्ज जमला नाही, त्यांचे शतकांचे हक्क एका तारखेला संपले. चुका दुरुस्त करण्यासाठी २००६ मध्ये नवा कायदा करावा लागला.

योगायोग असा की हे हक्क तिकडे संपत होते ते १९७० साल, आणि सिडको जन्मली तेही १९७०.

१९/
म्हणून 'नोंद करा म्हणजे सुटले' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नोंदवही दिवा आहे तशीच चाळणीही. तिच्यातून कोण खाली पडते, हे पाहिल्याशिवाय तिचे कौतुक करू नये.

आणि 'सगळे गावाच्या नावावर करा' म्हणणाऱ्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. कारण महाड.

२०/
याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातले चवदार तळे. १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतरचा न्यायालयीन भाग आपण पुरेसा वाचत नाही. सवर्णांनी दावा लावला, आणि त्यात मांडले काय? की हे तळे सार्वजनिक नव्हेच; ते आमचे आहे, आणि इतरांना वगळण्याची आमची जुनी वहिवाट आहे. म्हणजे 'गावाची सामायिक मालकी' आणि 'परंपरागत हक्क' हीच दोन हत्यारे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अशी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरवले. तळ्यावर खासगी मालकी नव्हती आणि ते नगरपालिकेच्या अखत्यारीत होते, ही गोष्ट दलितांच्या कामी आली.

२१/
न्हावा शेव्यात सरकारी मालकीने कोळ्यांचा घास काढला. महाडात सार्वजनिक मालकीने अस्पृश्यांना पाणी मिळवून देण्यास मदत केली. दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या गोष्टी. 'गाव' हा शब्द उच्चारताना गावकुसाबाहेर कोण होते, हे विसरून चालणार नाही. गोव्याच्या गावकरींचे उदाहरण अनेकदा दिले जाते: १५२६ च्या पोर्तुगीज फोरालपासून कोमुनिदादींच्या सामायिक मालकीला लेखी मान्यता आहे, आणि ती आजही टिकून आहे. पण ती मालकी मूळ गावकरांच्या पुरुषवंशाची. मागून आलेला, भूमिहीन, आणि बाई, हे तिच्या परिघावरच राहिले.

२२/
मग माझे म्हणणे काय? मालकी आणि वापर या दोन गोष्टी नोंदवहीत वेगळ्या लिहा. चिखलाचा मालक शासन असू दे. १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की अशा साधनसंपत्तीचे शासन विश्वस्त आहे. पण विश्वस्त म्हटले की लाभार्थी कोण, हे लिहिलेले हवे. कोणत्या खाजणात कोण काय वेचते, कोणत्या खाडीत कोणाचे खुंट, कोणत्या माळावर कोणाची गुरे, कोणती पायवाट धक्क्याकडे जाते. नावे घरप्रमुखाची नव्हेत, वापरणाऱ्याची. बायकांची आणि कातकरी वाडीची तर आधी. हा हक्क विकता येणार नाही, गहाण पडणार नाही, आणि अर्ज उशिरा आला म्हणून बुडणार नाही.

२३/
हे स्वप्नरंजन आहे का? २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या कायद्याखालचा हक्क वारशाने जातो, विकता येत नाही. विशेष म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जलाशयातील मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामुदायिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आता २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर किनाऱ्यावरच्या सरकारी जमिनीवरील तिवरांना वनाचा दर्जा मिळत गेला. तिवरे जर वन असतील, तर तिवरांत पिढ्यान्पिढ्या निवट्या वेचणाऱ्यांचा दावा का ऐकला जाऊ नये? कायद्याच्या अटी कडक आहेत: बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचे वास्तव्य आणि वनावरचे अवलंबित्व दाखवावे लागते. पण कोळीवाड्यांना तीन पिढ्या दाखवणे अवघड जाऊ नये.

२४/
महसूल कायद्यातही दारे आहेत, गंजलेली. १९६६ च्या अधिनियमाचे कलम १६१ जिल्हाधिकाऱ्याला गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेसाठी 'निस्तारपत्रक' तयार करायला सांगते: चराई, सरपण, माती-दगड कोणी कसे घ्यावे. कलम १६५ 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या नोंदीत पाणी, वहिवाट आणि, काही मर्यादांत, मासेमारी यांविषयीच्या गावच्या रूढी लिहायला सांगते. शब्दांवरूनच कळते की ही परंपरा मध्य प्रांत-वऱ्हाडातून आली. विदर्भात निस्तार हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. कोकणात तो बहुतेकांना परका. कायद्यानेही ही तरतूद विदर्भापुरतीच ठेवली आहे.

२५/
घाई कशाची, असे वाटेल. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात वाढवण बंदर होत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ७६,२२० कोटी रुपये, ३० ऑगस्टला पायाभरणी. उभारणाऱ्या कंपनीत ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे न्हावा शेव्याचाच. आणि १,४४८ हेक्टर भराव थेट समुद्रात.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत मच्छीमार, नावाडी यांना आणले. १८९४ पासून ही मोठी मजल आहे. पण ती व्याख्या जमिनीच्या संपादनामुळे उपजीविका बाधित झालेल्यांची. समुद्रात भराव घालताना संपादन कशाचे होते? भरतीच्या रेषेखालचा तळ १८७९ पासून सरकारचाच. म्हणजे पंधरावी पोस्ट पुन्हा वाचावी लागणार.

२६/
वाढवणच्या बंदराच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे बरेच आहेत. बंदर हवे की नको, हा या धाग्याचा विषय नाही. माझी मागणी त्याआधीची आहे. भरावाचा पहिला दगड पडण्यापूर्वी त्या पाण्यावर आणि खडकांवर कोण काय करते याची जाहीर नोंद, गावोगावी, ग्रामसभेत वाचून, हरकती घेऊन, व्हावी. उरणच्या कोळ्यांना ही नोंद स्वतःहून, न्यायाधिकरणात, पंचवीस वर्षांनंतर उभी करावी लागली. तेव्हा होड्यांचे परवाने, सोसायटीच्या याद्या असे जे हाती लागले ते पुरावा ठरते; हाताने वेचणाऱ्या बाईपाशी यांतले काहीच नसते.

२७/
ज्यांचे गाव किनाऱ्यावर आहे त्यांच्यासाठी एक काम. तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावचा नमुना एक-ब आणि एक-ई पाहा. गुरचरणाचे क्षेत्र किती लिहिले आहे आणि जागेवर किती उरले आहे ते पाहा. मग घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसून तिच्या लहानपणी कुठे काय वेचले जाई, त्या जागांची नावे लिहून घ्या. खाडीच्या प्रत्येक वळणाला नाव असते. मोजणीच्या नकाशात ती सापडत नाहीत. मिळालेली नावे इथे उत्तरात लिहिलीत तर मी एकत्र करतो.

पुढचा धागा उरणच्या मिठागरांवर.